कानाचं यंत्र कुठं बनतं

आबा, परवा कानाच्या डॉक्टरांनी माझ्यापुढे दोन डब्या ठेवल्या आणि यातली कुठली हवी म्हणून विचारलं. मला पहिल्यांदा ऐकूच आलं नाही. दुसऱ्यांदा आलं, तेव्हा तोंडातून आपोआप प्रश्न गेला, ‘‘कुठं बनतं हे?’’ डॉक्टर माझ्या नातवाच्या वयाचे. किंमत सोडून भलतंच काय विचारतेय ही बाई, असं त्यांना वाटलं असणार. मला मात्र माझ्याच आवाजात तुम्ही बोललात असं वाटलं आणि त्या खुर्चीत बसल्या बसल्या डोळे भरून आले. डॉक्टरांना वाटलं, म्हातारी बहिरेपणाला घाबरली. मी म्हटलं, वाटू दे.

तो प्रश्न तुमचा होता. कडेगावच्या बाजारात तुमच्याबरोबर जायचं म्हणजे मला मरणाची लाज वाटायची. दुकानदारानं पेन्सिल काढून ठेवली, की तुम्ही ती उलटसुलट करून बघणार आणि विचारणार, ‘‘कुठं बनती ही?’’ दुकानदार म्हणायचा, ‘‘मास्तर, लिवाय येतंय, आनि काय पायजे?’’ तरी तुम्ही हटत नव्हता. आपल्या घरात साबण देशी, दंतमंजन देशी, चाकू देशी. देशी ब्लेडनं दाढी केलीत की हनुवटीवर कापसाचे बोळे लावून शाळेत जात होता, आणि पोरं हसली तर ‘‘हळूहळू सुधारतील, आपन घेतलं तरच सुधारतील,’’ असं त्या ब्लेडवाल्याच्या वतीनं सांगत होता. मला मॅट्रिकच्या परीक्षेला देशी पेन दिलंत. ते पहिल्याच पेपरला गळलं. झंपरच्या बाहीवर निळा डाग पडला, तो कधी गेला नाही. मी रडत घरी आले तर तुम्ही डाग बघितलात आणि म्हणालात, ‘‘पेपर पुरा लिवलास का?’’ लिहिला होता. ‘‘मग झालं की.’’ आज हसू येतं. त्या दिवशी मी रात्रीचं जेवले नव्हते.

तुमचे कान कधी गेले हे कुणालाच नेमकं सांगता येणार नाही. आई म्हणायची, आधी चुलीजवळून हाक मारली तरी यायचात, मग दारातून मारावी लागली, मग खांद्याला हात लावावा लागला. पण शाळेतलं मला दुसऱ्याच कुणाकडून कळलं. चौथीच्या पोरांनी खोड काढली होती. पाढे म्हणायला उभं राहायचं आणि आवाज न काढता नुसते ओठ हलवायचे. तुम्ही खुर्चीत बसून मान हलवत होता, ‘‘चांगलं, पुढं.’’ सगळा वर्ग गप्प आणि तुम्ही शाबासकी देताय. दारातून हेडमास्तर बघत होते. त्यानंतर तुम्ही मुदतीआधीच नोकरी सोडलीत आणि घरी येऊन सांगितलंत की आता शेताकडं बघावं म्हणतो. ऊस आपोआप वाढत होता, त्याला तुमच्याकडून बघून घ्यायची काही गरज नव्हती.

मग मिरजेहून देशी यंत्र आणलंत. खिशात ठेवायची काड्याच्या पेटीपेक्षा थोडी मोठी डबी, तिच्यातून वायर वर कानात. तुम्हाला केवढा अभिमान! पण डबी खिशात आणि खिसा खादीच्या सदऱ्याचा. जरा हललात की ती जाडीभरडी खादी डबीवर घासायची आणि तुमच्या कानात नुसती खरखर. वर ती डबी मध्येच शिट्टी मारायची. कुणाच्या तरी दहाव्याला सगळे खाली मान घालून बसलेले असताना तिनं शिट्टी मारली आणि बाहेरची कुत्री भुंकायला लागली, ते तुम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. कसं चाललंय विचारलं की तुम्ही म्हणायचा, ‘‘ब्येस हाय.’’ आईनं एकदा मला बाजूला घेऊन सांगितलं, ‘‘बंद करून बसत्यात गं. नुसतं लावायचं म्हनून लावत्यात.’’

तोवर मला सांगलीच्या रेडिओ केंद्रावर काम मिळालं होतं. संध्याकाळी शेतकऱ्यांच्या कार्यक्रमात बाजारभाव वाचायचे, हळदीचे, गुळाचे, शेंगांचे. गावात रेडिओभोवती माणसं बसायची आणि मास्तरांची पोरगी बोलते म्हणून कौतुक करायची. तुम्हीही बसायचात. लोक तुमच्याकडे बघून हसले की तुम्हीही हसायचात. मी सुट्टीला आले की सगळे माझ्या आवाजाबद्दल बोलायचे आणि तुम्ही विषय बदलायचात. मी एकुलती एक, घरात पहिली पगार आणणारी, आणि माझं काम जगात सगळ्यांना ऐकू येतंय, तुम्हाला सोडून. मला फार लागायचं ते, आबा. तुमच्यासमोर कधी बोलले नाही, कारण बोलून तरी काय, ओरडावं लागलं असतं.

गणपती पेठेजवळ मी राहायचे त्या घराच्या मालकांचा हळदीचा व्यापार. जैन माणसं, मायाळू. त्यांचा थोरला मुलगा शिकायला जर्मनीत होता. घरमालकीण काकूंना मी एकदा तुमच्या कानाचं सांगितलं, तर त्या म्हणाल्या, ‘‘अगं मग आधी नाही का बोलायचं? येताना आणायला सांगते की पोराला. तिकडं लय चांगली मिळतात.’’ मी म्हटलं, आबा परदेशी वस्तू घेत नाहीत. काकूंनी चाळणीतली हळद खाली ठेवली. ‘‘कानाला कसला आलाय देश?’’

यंत्र आलं. तसंच खिशातलं, पण लहान आणि गुळगुळीत. पाठीवर त्या देशाचं आणि कंपनीचं नाव पांढऱ्या अक्षरात छापलेलं. बरोबर मुलानं सेलची मोठी पुडी आणली होती, कारण तसले सेल इकडे मिळत नसत. मी ते घेऊन घरी आले आणि तुमच्याशी कसं बोलायचं याची मनात जुळवाजुळव करत होते. आईनं ते माझ्या हातातून घेतलं, मागं चुलीपाशी नेलं, आणि भांडी घासायची राख आणि काथ्या घेऊन ती पांढरी अक्षरं घासायला बसली. मी बघत राहिले. आईला वाचता येत नव्हतं, पण काय पुसायचं ते तिला बरोबर ठाऊक होतं. मी म्हटलं, ‘‘आई, आबांना कळलं तर?’’ तिनं मान वर केली नाही. ‘‘आट वरसं झाली, मी त्या मानसाशी मनातलं बोलले न्हाई. वरडून सांगावं लागतंय, आनि वरडून सांगायसारखं आसतंय का समदं?’’ मग तिनं डबीला जुन्या मऊ धोतराची पिशवी शिवली, घासू नये म्हणून. आणि तुमच्यापुढं ठेवून खाणाखुणांनी, ओठांनी सांगितलं, ‘‘पुन्यात बनाय लागल्यात आता.’’ पुण्याचं नाव ऐकलंत, म्हणजे ओठांवर वाचलंत, आणि तुम्ही कुठं बनतं ते विचारायचं विसरलात. आयुष्यात एकदाच.

तुम्ही ते कानात घातलं आणि पहिल्यांदा वर बघितलंत. ‘‘पत्र्यावर काय वाजतंय?’’ चिमण्या होत्या. तुम्ही अंगणात जाऊन बराच वेळ मान वर करून उभे राहिलात. आत आलात तर आईनं भाकरी थापायला घेतली होती. तुम्ही चुलीपुढं पाटावर बसलात आणि थापण्याचा आवाज ऐकत राहिलात, आणि आईनं त्या दिवशी लागत होत्या त्याहून खूप जास्त भाकऱ्या केल्या. मग तुम्ही मला म्हणालात, ‘‘मी सांगत न्हवतो? दम धरा, आपल्याकडं बी हुईल. झालं का न्हाई?’’

त्यानंतरचे ते दोन-तीन महिने, आबा. मी सांगलीहून वाचायची आणि तुम्ही कडेगावात ऐकायचात. मी घरी आले तेव्हा वाटलं होतं कौतुक कराल. तुम्ही मला समोर बसवलंत आणि म्हणालात, ‘‘लय घाई करतीस.’’ मी गोरीमोरी झाले. ‘‘आगं, तू भाव वाचतीस तवा पलीकडं मानूस ध्यानात धरत आसतो. उद्या गूळ काडायचा का न्हाई ते त्याला तुझ्यावरनं ठरवायचं आसतं. एक भाव सांगितलास की जरा थांब. त्येला इचार करू दे. मग दुसरा सांग.’’ केंद्रावर मला कुणी हे शिकवलं नव्हतं. मी थोडी रुसले, पण दुसऱ्या दिवसापासून थांबायला लागले. निवृत्त होईपर्यंत थांबत आले.

आणि तो पंधरा ऑगस्ट. ग्रामपंचायतीपुढं झेंडावंदन झालं आणि तुम्हाला दोन शब्द बोलायला सांगितलं. तुम्ही पिशवीतून ती डबी काढलीत आणि सगळ्या गावाला दिसेल अशी वर धरलीत. ‘‘बगा, हे आपल्या देशात बनतंय! माज्या पोरीचा आवाज मला ह्याच्यातनं ऐकाय येतोय. बाहेरच्या मालावाचून आपलं आडत न्हाई.’’ लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी आणि आई बायकांमध्ये उभ्या होतो. आईनं तोंडाला पदर लावला आणि मी जमिनीकडे बघत राहिले. मला तेव्हा वाटलं, हे आता इतकं मोठं झालंय की सांगता येणार नाही. त्याआधी सांगता आलं असतं का? सांगायला हवं होतं का? तुम्ही ते उतरवून ठेवलं असतंत, मग चिमण्या नाहीत, भाकऱ्या नाहीत, माझी घाई नाही. मी अजून या प्रश्नाशी अडते.

सेल बदलायचं काम आईचं. ती पुडी तिनं तांदळाच्या डब्यात लपवली होती, आणि तुम्ही झोपलात की बदलायची. आई भाचीच्या लग्नाला माहेरी गेली आणि नेमकं त्याच आठवड्यात मला केंद्रावर पहिल्यांदा माझं स्वतःचं लिहिलेलं वाचायला मिळालं. बाजारभाव नव्हेत, माझं. कृष्णेच्या घाटावर कपडे धुणाऱ्या बायकांवर लिहिलं होतं. तुम्हाला निरोप धाडला होता, ऐका म्हणून. आणि त्याच्या आदल्या दिवशी यंत्र मुकं झालं. सेल संपला असेल हे तुम्हाला कळलं. तुम्ही सकाळची एस.टी. पकडून सांगलीला आलात, नवा सेल घ्यायला. माझं ऐकायचं म्हणून आलात, आबा. हे मला आजही नीट गिळता येत नाही.

दुकानात काय झालं ते तुम्ही सांगितलं नाहीत. ते मी पुढं त्या दुकानदाराकडून काढून घेतलं. त्यानं डबीचं झाकण उघडलं तर आत, जिथं आईची राख पोचली नव्हती तिथं, धातूत तीच अक्षरं उठलेली होती. तो तुमच्या कानाशी वाकून ओरडला, ‘‘मास्तर, हे बाहेरच्या देशातलं यंत्र हाय, याचा सेल आपल्याकडं न्हाई मिळायचा.’’ तुम्ही म्हणालात, ‘‘पुन्याचं हाय.’’ त्यानं तुमच्या हातात झाकण दिलं. तुम्हाला इंग्रजी वाचता येत होतं. दुकानात आणखी गिऱ्हाईकं होती, ती हसली म्हणे.

दुपारी तुम्ही माझ्या खोलीत आलात. रुमालात बांधलेलं यंत्र टेबलावर ठेवलंत, गाठ सोडलीत, आणि झाकण वेगळं करून माझ्याकडे केलंत. काकू चहा घेऊन आल्या आणि तुमचा चेहरा बघून कप ठेवून गेल्या. तुम्ही विचारलंत, ‘‘तुला ठावं हुतं?’’ आणि विचारता विचारता तोंड खिडकीकडं फिरवलंत. मी म्हणाले, ‘‘व्हय आबा.’’ मग मोठ्यानं म्हणाले. मग ओरडले. तुम्ही खाली रस्त्यावरून चाललेल्या हळदीच्या गाड्यांकडे बघत होता. माझे ओठ दिसू नयेत म्हणून तुम्ही तोंड फिरवलं होतं, हे मला तेव्हा उमगलं नाही. मला वाटलं, तुम्हाला माझं तोंडही बघायचं नाही. मी रागावले. तुम्ही माझ्यावर रागवायच्या आधीच मी तुमच्यावर रागावले.

काकूंच्या कपाटात सेलची आणखी एक पुडी होती. मी धावत जाऊन आणली आणि एक सेल तुमच्यापुढं ठेवला. हातवारे केले, आज संध्याकाळपुरतं, आबा, आजच्या दिवस, उद्या फेकून द्या. तुम्ही त्या सेलकडे बराच वेळ बघितलंत. तुमचा हात पुढं आला. खरंच आला, मी बघितलाय. बोटं टेबलावर सेलच्या जवळ थांबली. मग तुम्ही एका बोटानं सेल हळूच माझ्याकडं ढकललात, चहा प्यालात, आणि उठताना म्हणालात, ‘‘आईला काय बोलू नगंस. तिनं माज्यासाठीच केलं.’’ यंत्र टेबलावरच राहिलं.

संध्याकाळी मी वाचलं. घाई केली नाही. दर ठिकाणी थांबले आणि दर वेळी वाटलं, कुणासाठी थांबतेय.

तुम्ही गावात गेलात आणि पारावर सगळ्यांना सांगून टाकलंत, की माजं यंत्र बाहेरच्या देशाचं निघालं, मी विचारलं न्हाई, माजी चूक. आईचं नाव घेतलं नाहीत, माझंही नाही. जुनी देशी डबी पुन्हा खिशात आली, पुन्हा खरखर, पुन्हा बंद. मी मात्र दिवाळीपर्यंत घरी आले नाही. मला तुमच्या तत्त्वाची चीड आली होती. माणसापेक्षा वस्तूचा देश मोठा कसा, असं मी काकूंशी भांडत होते, जणू काकूंनीच ते केलं होतं. दिवाळीत आले तर आपण एकमेकांशी खाण्यापिण्याचं तेवढं बोललो. पुढं माझं लग्न झालं, बदल्या झाल्या, मी सणावारी येत राहिले. आणि एका उन्हाळ्यात तुम्ही गेलात.

तुमच्या तेराव्यानंतर आई आणि मी मागच्या दारी बसलो होतो. मी म्हणाले, ‘‘एवढा कसला हट्ट गं तो?’’ तेव्हा तिनं मला सांगितलं, जे तिला तुमच्या आईनं सांगितलं होतं. तुम्ही पंधरा-सोळा वर्षांचे असताना चावडीपुढं विलायती कापडाची होळी झाली. पोरं घराघरांतून कपडे आणत होती. तुम्ही तुमच्या आईच्या पेटीतून तिचं लग्नातलं लुगडं काढून नेलंत, न विचारता, आणि जाळलंत. तिच्याकडं चांगलं म्हणावं असं तेवढंच एक होतं. ती शेतातून आली, पेटी उघडली, आणि तशीच मिटून चुलीकडं गेली. पुढं तुम्ही मास्तर झालात, पहिल्या पगारात तिला हातमागाचं भारी लुगडं आणलंत. ते तिनं घडी मोडून एकदाही नेसलं नाही. जाडंभरडं नेसूनच ती गेली. आई म्हणाली, ‘‘हे मला एकदाच बोलले हुते. आईचं घेऊन जाळलं, आता माजं कसं राखू? माज्यावर आलं की सोडायचं, मग तिचं कशापाई जाळलं?’’

मी तिथंच पायरीवर बसून रडले, आबा. तुमच्या जाण्यावर रडले नव्हते तितकी रडले. तुमचा हात त्या सेलपाशी थांबला तेव्हा तुमच्यापुढं मी नव्हते, रिकामी पेटी उघडून बघणारी तुमची आई होती. मी तुम्हाला एकदाही विचारलं नव्हतं. कुठं बनतं हे विचारणाऱ्या माणसाला, तुम्ही असे कशानं झालात, हे मी कधी विचारलं नाही. कागदावर लिहून विचारता आलं असतं. तुम्ही मास्तर होता, उत्तर दिलं असतं. मग आईनं आणखी एक सांगितलं. यंत्र सोडल्यावरही मी वाचत असले की तुम्ही रेडिओला खेटून बसायचात आणि त्याच्या लाकडी पेटीवर तळहात ठेवायचात. मी थांबले की हाताला कळायचं म्हणे. आईकडे बघून मान हलवायचात, ‘‘थांबली बग.’’

आता माझे कान गेले. डॉक्टरांनी माझ्या प्रश्नाचं उत्तर द्यायचा प्रयत्न केला, बिचाऱ्यांनी. म्हणाले, आजी, एका देशात पूर्ण बनलेलं आता काही नसतं, सुटे भाग एकीकडचे, जोडणी दुसरीकडं, पण ही एक जोडी आपल्याकडची म्हणता येईल आणि ही दुसरी बाहेरची. मी दोन्ही घालून बघितल्या. आपल्याकडची चांगली होती, आबा. शिट्टी नाही, खरखर नाही. तुम्ही म्हणत होता तसं हळूहळू सुधारलं सगळं. पण बाहेरच्या जोडीत नात खालच्या आवाजात काहीतरी पुटपुटली तेही ऐकू आलं. मी बाहेरची घेतली. लगेच घेतली, फार विचार केला नाही.

हा कागद टपालाच्या कुठल्या पेटीत टाकायचा नाही, हे लिहायला बसतानाच ठाऊक होतं. तरी खाली बसले, वर ‘आबा’ लिहिलं, आणि हात थांबला. मग दोन्ही यंत्रं कानातून काढली, डबीत ठेवली, डबी स्वयंपाकघरात नेऊन तांदळाच्या डब्यामागं ठेवली, आणि मगच तुमच्यासमोर बसले.